दुसरीकडून आणून लावलेल्या स्नायूला 'लाईन' कशी जोडतात? उंदराच्या पायापासून बायोनिक हातापर्यंत

आज मोबाईलचा विषय नाही, वायरिंगचा आहे. फक्त हे वायरिंग भिंतीतलं नसून शरीरातलं आहे.

झालं असं की माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, केज तालुक्यातल्या आमच्या गावाकडे रात्री बाईकवरून येताना पडला. हाड कुठंच मोडलं नव्हतं, पण उजवा खांदा उचलत नव्हता आणि कोपर वाकत नव्हतं. बोटं मात्र हलत होती. बोटं हलतात म्हणजे बाकीचंही येईल, असं सगळ्यांनी धरून चाललं. मालिश झाली, शेक झाला, गोळ्या झाल्या, एका जाणत्याकडून पट्टीही बांधून झाली. दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर निघाली. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात आणि त्या हिशोबानं मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. वहिनी एकटी गेली आणि दादा डाव्या हातानं मोळ्या बांधत बसला. शेवटी पुण्याला दाखवलं तोवर चौदा महिने उलटून गेले होते.

तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आधी कळलंच नाही. "नर्व्ह जोडून आता उपयोग नाही. मांडीचा स्नायू काढून दंडात लावावा लागेल आणि त्याला बरगडीची नर्व्ह जोडावी लागेल." मांडीचा स्नायू दंडात? त्याला बरगडीतून करंट? आणि नर्व्ह जोडून उपयोग का नाही? या प्रश्नांमागे लागलो तेव्हा लक्षात आलं की उत्तरं बेडूक, मांजर, कुत्रा आणि मुख्य म्हणजे उंदीर यांच्यावरच्या शंभर-दीडशे वर्षांच्या प्रयोगांत आहेत. तेच सगळं या लेखात सांगतोय.

आधी 'नस' या शब्दाचा घोळ मिटवू

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही. 'नस दबली', 'नस फुगली', 'नस कापली' हे सगळं एकाच शब्दात बसतं. या लेखात रक्ताची ती रक्तवाहिनी आणि संदेशाची ती नर्व्ह.

स्नायूला दोन्ही लागतात. रक्त थांबलं तर स्नायू काही तासांतच मरतो. नर्व्ह तुटली तर तो लगेच मरत नाही, नुसता पडून राहतो. मग महिन्यामहिन्यानं बारीक होत जातो आणि त्याच्या जागी चरबी आणि चिवट धागे भरत जातात. वेळ हातातून जाते ती इथंच, कारण बाहेरून पाहिलं तर तातडीचं काही दिसत नाही.

नर्व्ह म्हणजे एक वायर नव्हे. ती हजारो बारीक तारांची केबल असते. प्रत्येक तार मणक्यातल्या एका पेशीतून निघते आणि थेट स्नायूपर्यंत जाते. स्नायूच्या प्रत्येक धाग्यावर साधारण एकच जागा अशी असते जिथं ही तार टेकते. तिला आपण सॉकेट म्हणू. तिथं तार ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते आणि धागा आकसतो.

तार तुटली की काय होतं?

१८५० मध्ये ऑगस्टस वॉलर या संशोधकानं बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून पाहिल्या. कापलेल्या जागेच्या पुढचा, म्हणजे मूळ पेशीपासून तुटलेला भाग विरघळून जातो, असं त्याला दिसलं. पण वरचं आवरण राहतं. घरातल्या वायरिंगशी ताडून पाहा: भिंतीतला पीव्हीसी पाईप जागेवर आहे, आतली तांब्याची तार मात्र गायब. पाईपमधल्या श्वान पेशी कचरा साफ करतात आणि मणक्याकडून नवी तार हळूहळू वाढत येते.

किती हळू? माणसात दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मानेपासून तळहातापर्यंत ७०० मिलिमीटर धरले तर ७०० दिवस, म्हणजे जवळपास दोन वर्षं. आणि माणसाचा स्नायू नर्व्हशिवाय साधारण १२ ते १८ महिने टिकतो. त्यानंतर तार पोचली तरी तिला कामाचं फारसं काही सापडत नाही. मानेत नर्व्हचा पाच मुळांचा जो जुडगा असतो, ब्रेकियल प्लेक्सस, तो बाईकच्या अपघातात ताणला किंवा उपटला गेला तर घड्याळ त्याच दिवसापासून सुरू होतं. दादाचं चौदा महिने चालू होतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

एक गोष्ट मला फार आवडली. १९७८ मध्ये सेन्स, मार्शल आणि मॅकमहन या तिघांनी बेडकाच्या एका पातळ स्नायूत नर्व्हही तोडली आणि स्नायूचे धागेही मारून टाकले. उरलं फक्त धाग्याभोवतीचं रिकामं आवरण. तरीही वाढत आलेली तार बरोबर जुन्या सॉकेटच्या जागीच येऊन थांबली! म्हणजे पत्ता धाग्याच्या आत नसून त्याच्या पिशवीवर लिहिलेला असतो. घर पडलं तरी दारावरचा नंबर शिल्लक, तसं काहीसं.

स्नायू उचलून दुसरीकडे लावला तर?

या प्रश्नावर सगळ्यात चिकाटीचं काम झालं ते अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात, ब्रूस कार्लसन आणि जॉन फॉकनर यांच्याकडे, १९७० च्या दशकापासून पुढे. उंदराच्या नडगीजवळ बोटं वर उचलणारा एक छोटासा स्नायू असतो. तो पूर्ण काढायचा आणि रक्तवाहिन्या न जोडता परत बसवायचा. मग काय होतं ते बघत बसायचं.

आधी त्याचा मधला भाग जवळजवळ सगळा मरतो. काठाची एक पातळ पट्टी तेवढी वाचते. आणि मग स्नायू स्वतःला पुन्हा बांधतो! हे काम करतात सॅटेलाइट पेशी. धाग्याला चिकटून झोपलेल्या या पेशी १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत पहिल्यांदा दिसल्या होत्या. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आत शिरतात, बाहेरून आत नवे धागे तयार होत जातात आणि शेवटी नर्व्हच्या तारा आत येतात.

पण हा स्नायू मूळच्या इतका ताकदवान होत नाही. कमी पडतं कुठं हे शोधायला त्यांनी तुलना केली. काही उंदरांत स्नायू सगळीकडून सोडवला पण नर्व्ह तेवढी अखंड ठेवली, बाकीच्यांत नर्व्हही कापली. नर्व्ह अखंड असलेले स्नायू वजनानं आणि ताकदीनं स्पष्ट पुढे निघाले. दोन्हीकडे धागे मेले होते आणि दोन्हीकडे ते नव्यानं बांधले गेले होते. फरक पडला तो मुख्यतः लाईन परत येण्यात.

१९८९ चा त्यांचा प्रयोग तर अजून मजेशीर आहे. म्हाताऱ्या उंदराचा स्नायू तरुण उंदरात लावला आणि तरुणाचा म्हाताऱ्यात. तरुण शरीरात गेलेला म्हातारा स्नायू झकास सुधारला, म्हाताऱ्या शरीरात गेलेला तरुण स्नायू मागे पडला. म्हणजे स्नायूच्या वयापेक्षा तो ज्या घरात राहायला गेला त्या घराचं वय जास्त महत्त्वाचं.

मात्र या पद्धतीला एक मर्यादा आहे. उंदराचा हा स्नायू ग्रॅमच्याही अंशात मोजावा लागतो, त्यामुळे आजूबाजूचं रक्त आतपर्यंत पोचतं. मोठ्या प्राण्याच्या जाड स्नायूत ते वेळेत पोचत नाही आणि मधला गाभा निकामी होतो. ही मर्यादा लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी तिचाच कुणीतरी फायदा करून घेतलाय.

मग माणसाएवढा स्नायू कसा हलवायचा?

जपानमधल्या नारा इथल्या सुसुमू तामाई यांनी. सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तुटलेला अंगठा जोडण्यात १९६५ मध्ये यश मिळालं होतं, त्या जोडगोळीतलेच हे तामाई. १९७० मध्ये त्यांच्या गटानं कुत्र्यांवरचं काम छापलं: स्नायू काढायचा, नव्या जागी नेऊन त्याची धमनी, शीर आणि नर्व्ह तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली शिवायची. रक्त लगेच सुरू झालं की गाभा मरत नाही आणि नर्व्हला जिवंत स्नायू मिळतो. १९७३ मध्ये शांघायमध्ये छातीचा स्नायू हातात लावला गेला. १९७६ मध्ये टोकियोच्या कियोनोरी हारी यांनी लकवा झालेल्या चेहऱ्यात मांडीचा ग्रॅसिलिस स्नायू बसवल्याचं काम प्रसिद्ध केलं. कुत्र्यापासून माणसापर्यंत यायला मोजून काही वर्षं लागली.

दादाच्या दंडातही ग्रॅसिलिसच गेला. मांडीच्या आतल्या बाजूचा हा लांब, सडपातळ स्नायू. तो काढला तरी शेजारचे स्नायू काम भागवतात, चालण्यात फरक पडत नाही.

आता मूळ प्रश्न: चौदा महिन्यांनी जुनी नर्व्ह जोडणं व्यर्थ, तर नवा स्नायू लावून काय साधतं? कारण दंडाचा स्नायू चौदा महिने लाईनशिवाय पडून होता, मांडीचा स्नायू ऑपरेशनच्या त्या तासापर्यंत चालू होता. त्याचं घड्याळ शून्यावर आहे. शिवाय नर्व्हचा जोड स्नायूच्या अगदी जवळ घेतात, म्हणजे तारेला ७०० नव्हे, थोडेसेच मिलिमीटर चालायचे असतात. शर्यत तीच, पण अंतर कमी आणि सुरुवात नव्यानं.

उशीर किती महागात पडतो याचा पुरावाही उंदरातूनच आला. १९९५ मध्ये फू आणि टेसा गॉर्डन यांनी उंदराचा स्नायू मुद्दाम अनेक महिने नर्व्हशिवाय ठेवला आणि मग त्याला ताजी, धडधाकट नर्व्ह जोडली. तार उत्तम असूनही फारच थोड्या धाग्यांशी तिचं नातं जुळलं. त्यामुळे 'थांबू, बघू, येईल' या सल्ल्याला मर्यादा आहे. तीन महिन्यांत हालचालीची काहीच चिन्हं नसतील तर नर्व्हच्या तज्ज्ञाकडं पोचायलाच हवं. ऑपरेशन लागणारच असेल तर ते सहा महिन्यांच्या आत झालेलं बरं.

बरगडीची नर्व्ह कोपर कसं वाकवणार?

मला सगळ्यात विचित्र हेच वाटलं होतं. बरगड्यांमधल्या नर्व्ह श्वासाच्या कामाच्या. त्या परक्या स्नायूला कशा चालतील?

स्नायूला चालतात. चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं की लाईन असलेला स्नायू दुसरी नर्व्ह स्वीकारत नाही, पण लाईन तुटलेला स्नायू परकी नर्व्हही घेतो. एक सिम चालू असताना दुसरं नाही, रिकामा स्लॉट असला तर कुठलंही कार्ड. त्याहून पुढची गोष्ट १९६० मध्ये ब्युलर, जॉन एकल्स आणि रोझमंड एकल्स यांनी मांजरांत केली. पायातला एक स्नायू झटक्यात काम करणारा, दुसरा संथ पण दमदार. त्यांनी दोघांच्या नर्व्हची अदलाबदल केली. काही काळानं झटक्याचा स्नायू मंदावला आणि संथ स्नायू चपळ झाला! म्हणजे नर्व्ह नुसता करंट देत नाही, स्नायूचा स्वभावही ठरवते. जॉन एकल्स यांना पुढं १९६३ चं नोबेल मिळालं, मात्र नर्व्हमधल्या विद्युत संदेशांच्या कामासाठी.

स्नायूला चाललं तरी मेंदूला शिकावं लागतं. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात दादा खोकला आणि दंडात काहीतरी हललं. वहिनीनं ते आधी पाहिलं. पुढं कित्येक महिने कोपर वाकवायचं म्हणजे आधी खोल श्वास घ्यायचा, अशी त्याची कसरत चालायची. आम्ही हसायचो, तोही हसायचा. हळूहळू मेंदू ही जुनी-नवी जोडणी उकलतो आणि श्वासाशिवाय हात वाकायला लागतो. उंदीर-मांजरांच्या प्रयोगात हे मोजता येत नाही, कारण त्यांना कुणी 'कोपर वाकव' म्हणून सांगू शकत नाही.

'उंदरांवर यशस्वी' अशी बातमी आली की...

...थोडं थांबा. उंदरात तार दिवसाला २ ते ३ मिलिमीटर वाढते आणि त्याच्या अख्ख्या पायाची लांबी आपल्या बोटाइतकी. मुळापासून टोकापर्यंतचा जो प्रवास त्याची तार काही आठवड्यांत संपवते त्याला आपल्यात वर्षभर किंवा जास्त लागू शकतं. त्यामुळे उंदरात जवळजवळ सगळंच 'यशस्वी' दिसू शकतं. फॉरवर्ड करण्याआधी अंतराचा हिशोब करा.

तरी काही शोध खरोखर कामाचे निघाले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात गॉर्डन यांच्याच गटानं २००० मध्ये उंदरांची मांडीतली नर्व्ह कापून जोडली आणि जोडल्याबरोबर तिला एक तास सेकंदाला २० ठोके या वेगानं हलका विद्युत प्रवाह दिला. एरवी सगळ्या तारा ठरलेलं अंतर ओलांडायला आठ ते दहा आठवडे घेत, त्या तीन आठवड्यांत पोचल्या. पुढं मनगटात दबलेल्या नर्व्हच्या रुग्णांवरही ही कल्पना तपासली गेली.

इथं एक सूचना, कारण मला इनबॉक्समध्ये हा प्रश्न येणार हे माहितीय. ऑनलाईन हजार-पंधराशेला मिळणारं चिकटपट्टीवालं मशीन म्हणजे हे नव्हे. हा प्रवाह ऑपरेशनच्या टेबलावर थेट नर्व्हला दिलेला असतो. घरच्या मशीननं तुटलेली नर्व्ह जुळत नाही, फक्त महिने जातात.

प्राण्यांचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत, भूल देणं बंधनकारक आहे. मला हे वाचताना दरवेळी बरं वाटलं असं नाही. पण दादाच्या दंडातला प्रत्येक टाका आधी कुठल्यातरी प्राण्यावर घातला गेलाय, हेही खरं.

महाराष्ट्रातले हात

संपूर्ण हातच दुसऱ्याचा लावला तर? भारतातलं पहिलं हात प्रत्यारोपण कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ मध्ये झालं. तिथंच डॉ. सुब्रमण्यम अय्यर यांच्या गटानं २०१७ मध्ये पुण्याच्या एका विद्यार्थिनीला दोन्ही हात दंडाच्या पातळीपासून लावले. घाटकोपर स्टेशनवर जानेवारी २०१४ मध्ये लोकलखाली दोन्ही हात गमावलेल्या मोनिका मोरे हिला ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. नीलेश सातभाई यांच्या गटानं हात लावले. ते चेन्नईहून विमानानं आले होते.

दंडापासून हात लावला म्हणजे कोपराखालचे सगळे स्नायू दात्याचे. रुग्णाच्या तारा त्यांच्यात वाढत शिरायला हव्यात, आणि बोटांच्या बारीक स्नायूंपर्यंतचं अंतर मोठं. म्हणून अशा रुग्णांची फिजिओथेरपी महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजतात. इथं एक योगायोग मदतीला येतो. परका अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस हे औषध नर्व्हची वाढही वेगानं करतं, असं उंदरांच्या प्रयोगांत आढळलंय. पण ते आयुष्यभर घ्यावं लागतं आणि प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून नुसत्या तुटलेल्या नर्व्हसाठी ते सर्रास देत नाहीत.

आणि आता तो बायोनिक हात

शिकागोचे टॉड कायकेन यांनी १९९० च्या दशकात उंदरांवर काम केलं आणि एल्सबर्गचा नियम उलटा वापरला. हात तुटला तरी त्याच्या नर्व्ह खांद्यात जिवंत असतात, संदेश पाठवत असतात, घ्यायला कुणी नसतं इतकंच. त्या छातीच्या स्नायूंना जोडल्या तर? २००२ मध्ये टेनेसीतल्या जेसी सलिव्हन या वायरमनवर हे झालं, विजेच्या अपघातात त्याचे दोन्ही हात गेले होते. तो 'मूठ वळ' असा विचार करी, छातीचा ठरावीक भाग आकसे, वरचे सेन्सर ते टिपत आणि मोटरचा हात मूठ वळे.

मिशिगनच्याच पॉल सेडर्ना यांच्या गटानं याहून सोपी युक्ती काढली. मांडीतून स्नायूचा पातळ तुकडा कापायचा, तुटलेल्या नर्व्हचं टोक त्यात गुंडाळायचं. रक्तवाहिनी जोडायची गरजच नाही, कारण तुकडा पातळ आहे. ही कार्लसनच्या उंदरांची मर्यादा, इथं तिचीच सोय झाली! आधी मधला भाग मरतो, मग सॅटेलाइट पेशी तो बांधतात, रिकामी सॉकेट्स शोधत तारा शिरतात. नर्व्हचा संदेश इतका क्षीण असतो की तो थेट टिपणं अवघड, स्नायूचा तुकडा तोच संदेश कित्येक पटींनी मोठा करून देतो. चक्क जिवंत अँप्लिफायर. उंदीर झाले, मग माकडं झाली आणि २०२० मध्ये हात गमावलेल्या चार जणांवरचे निष्कर्ष आले: या तुकड्यांतल्या संदेशांवर त्यांच्यातले दोघं कृत्रिम हाताची बोटं आणि अंगठा चालवू शकले.

आमच्याकडे कडबा कुट्टीत, मळणी यंत्रात गेलेला हात ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. असे मोटरचे हात अजून फार महाग आहेत. पण नर्व्हचं टोक स्नायूत गुंडाळण्याचा आणखी एक उपयोग आहे: मोकळं टोक गाठ धरून जो कळा मारतो त्या कमी होतात. त्याला मोटर लागत नाही.

कामाचं थोडं

बाईकवरून पडल्यावर हाड शाबूत, पण हात उचलत नाही किंवा बधिर आहे, असं असेल तर पहिल्याच आठवड्यात तपासणी करा. जवळ अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तीन-चार आठवड्यांनी नर्व्हची ईएमजी आणि एनसीव्ही तपासणी होते का, पुढं कुठं पाठवतील, हे तिथं थेट विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि अपघाताची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून तीन आणि सहा महिन्यांचे रिमाइंडर लावा. आमच्या घरात सहा मोबाईल होते, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

दादाच्या ऑपरेशनला आता दोन वर्षं झालीत. अर्धी बादली उचलतो, उजव्या हातानं भाकर तोंडापर्यंत नेतो. कोयता पेलत नाही. यंदा तो टोळीबरोबर गेला नाही, गावातच एका दुकानात बसतो. मला व्हिडिओ कॉल करताना फोन मात्र मुद्दाम उजव्या हातात धरतो, आणि थकला की स्क्रीनवर पत्रे दिसायला लागतात.